पाळीची वही

गेल्या ईस्टरच्या जागरणविधीत निर्गमच्या पुस्तकातील तांबड्या समुद्राचे वाचन आम्ही स्वतःच केले. त्या रात्री जुन्या करारातील सात वाचने असतात. अडचण असल्यास काही गाळता येतात, हे एक मात्र गाळता येत नाही. ज्या भगिनीचे नाव पाळीपत्रकावर होते त्या आदल्याच दिवशी आजऱ्याला माहेरी गेल्या होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मागल्या वर्षीचा कागद घाईघाईने उतरवून मंदिराच्या दाराशी लावणारे आम्हीच. तेव्हा रागावणार कोणावर? वेदीसेवक आमच्याकडे पाहू लागले आणि आम्ही आसनावरून उठून वाचनमंचाकडे गेलो. नवख्या माणसाला त्यात काही विपरीत वाटले नसेल. आम्हाला मात्र वाटले.

एरवी अशी वेळ येत नसे, कारण धर्मग्रामात एक वही होती आणि ती राखणारे निवृत्त शिक्षक होते. सारा धर्मग्राम त्यांना 'सर' म्हणतो. वाचक, वेदीसेवक, दानपेटी फिरवणारे, झाडलोट करणारे, सर्वांच्या पाळ्या सर लावीत. उपवासकाळात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वही त्यांच्या कपाटात राहिली.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा आमचा एक तरुण अभियंता आला. "फादर, याला आता सॉफ्टवेअर आणू या." अमेरिकेतील धर्मग्रामांत 'मिनिस्ट्री शेड्युलर प्रो' यांसारख्या आज्ञावल्या वापरतात, हे त्याने आम्हाला दाखवले. सेवकाने आपल्या अडचणीचे दिवस कळवायचे, यंत्राने पाळ्या लावायच्या, आठवण पाठवायची, आणि कोणाला जमेनासे झाले तर बदली माणसासाठी इतरांना साद घालायची. व्हॉट्सॲपचा गट आमच्याकडे आहेच. त्यावर पाळी टाकली की दहा जणांचे 'आमेन' येते, माणूस येत नाही.

आम्ही हसून टाळले नाही. आमचे निम्मे सेवक शिरोलीच्या फौंड्रीत नाहीतर इस्पितळात पाळीने काम करणारे. महिन्याच्या आरंभी लावलेला कागद दुसऱ्या आठवड्यात शिळा होतो. तरीही आम्ही त्याला थांबायला सांगितले आणि वही आणायला सरांच्या घरी गेलो.

ती वही आम्ही रात्री उशिरापर्यंत वाचली. नावांपुढे बारीक अक्षरात टिपा होत्या. 'मोठ्या अक्षरांचे पान द्यावे.' 'जूनमध्ये यजमानांची पुण्यतिथी, विचारू नये.' 'भावाशी बोलणे नाही, एका रविवारी दोघांना घेऊ नये.' सर पाळी सांगायला घरोघरी जात. कोण अंथरुणाला खिळले आहे हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळे. कित्येकांना रुग्णाभ्यंग वेळेवर मिळाला तो या वहीच्या निमित्ताने. असे घरगुती टिपण कोणत्याही यंत्रात भरू नये, असे आमचे मत आहे. वेदीसेवक तर लहान मुले. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

कोल्हापूरकरांना याचे उदाहरण शेतात सापडेल. उसाच्या लागणीची नोंद कारखान्यात होते, तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लागतो, आणि हे काम आता संगणकाकडे गेले आहे. तरी शेतकरी चिटबॉयला गाठतोच. ऊस लोळला आहे, तुरे आले आहेत, रस्त्यात पाणी आहे, हे तारखेला कसे कळावे? पण याच उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. तारखेची नोंद नव्हती तर ज्याची ओळख त्याची तोड आधी, अशी गत झाली असती.

ही दुसरी बाजू आमच्या तरुणाने दाखवली. त्याने वही उलटसुलट चाळली आणि विचारले, "फादर, यात आपल्या केरळच्या नर्सेस कुठे आहेत?" आम्ही शोधले. वर्षानुवर्षे पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या, रात्रपाळी संपवून तशाच येणाऱ्या त्या भगिनींची नावे झाडलोटीच्या पानावर होती. वाचकांच्या पानावर एकही नव्हते. सरांचा यात कपटभाव नव्हता. त्यांना मराठी वाचता येणार नाही असे त्यांनी धरले होते, आणि आम्हीही. माणूस ज्यांना ओळखतो त्यांनाच विचारतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील सहाव्या अध्यायाची आठवण होऊन आम्ही खजील झालो. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, ही तक्रार प्रेषितांपुढे आली तेव्हा सात जण निवडले गेले, आणि त्या सातांची नावे सगळी ग्रीक आहेत. वाटपाचा तक्ता कसा होता, हे लूकने सांगितलेले नाही.

म्हणून आम्ही असे ठरवले. आज्ञावली घ्यायची, पण आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. उपासनावर्षाचा आरंभ तोच. तोवर पालकीय समितीच्या दोघादोघांनी प्रत्येक घरी जाऊन विचारायचे, मोबाईल नसलेल्यांच्या घरी तर अधिक अगत्याने. विचारून नवी माणसे मिळाली तरच यंत्राला काही काम आहे. जुनीच बारा नावे फिरवायची असतील तर कागद पुरे, डॉलरमध्ये वर्गणी कशाला? यंत्रात केवळ नाव, सेवा आणि सवडीचे दिवस जातील. टिपा वहीतच राहतील.

पहिल्याच फेरीत कळले की त्या भगिनींपैकी दोघी शाळेत हिंदी शिकलेल्या, त्यामुळे देवनागरी सहज वाचतात. एकीने पुढल्या ईस्टरसाठी तांबड्या समुद्राचे वाचन मागून घेतले आहे. गेल्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन सरांकडे गेलो तेव्हा वही सोबत नेली आणि त्यांच्यासमोर तिचे नाव लिहिले. सरांना अजून नीट बोलता येत नाही. त्यांनी नावावर बोट ठेवले, ओठ दोनदा हलवले, आणि मग अडखळत विचारले, "फादर, याचा उच्चार कसा करायचा?"