चेनांच्या घळीत

‘ताई ची’ हे शब्द कानावर पडले की मराठी माणूस साहजिकच विचारतो, ‘कोणत्या ताईची? आणि काय?’ विनोद बाजूला ठेवला तरी या नावाने जगभर बरेच घोटाळे करून ठेवले आहेत. ‘ची’ म्हणजे प्राण, श्वास, अशी पुष्कळांची समजूत असते. प्राणाला चिनी लोक ‘छी’ म्हणतात हे खरे. पण तो शब्द निराळा आणि त्याचे अक्षरही निराळे. या ‘ची’चा मूळ अर्थ घराचे आढे. दोन्ही बाजूंची छपरे ज्या एका तुळईवर येऊन टेकतात, ते. ‘ताई’ म्हणजे थोर. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. एका अंगाला भरलेपण, दुसऱ्या अंगाला रितेपण. आणि सगळा तोल मधल्या आढ्यावर. शेवटी ‘च्वान’, म्हणजे मूठ, हा शब्द जोडला की नाव पुरे होते. कोकणातल्या कौलारू घरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान फार फोड करून सांगायला नको.

ही विद्या जिथे रुजली, त्या गावाचे नाव चेनजियागौ. नाव अवघड, पण अर्थ अगदी आपल्या घरचा. ‘गौ’ म्हणजे घळ. चेनांची घळ! चीनच्या हनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, वेन तालुक्यात हे खेडे आहे. 2019 सालच्या एप्रिलात आम्ही उभयता तिथे गेलो. चिरंजीव तेव्हा नोकरीनिमित्त शांघायला होते. त्यामुळे राहण्याची सोय होती, आणि जाण्याला कारणही होते. आमच्या सौभाग्यवतींना आदल्या वर्षी कंपवात जडला होता. हाताची थरथर औषधाने आवरत होती. परंतु डॉक्टरांनी खरी भीती घातली होती ती तोल जाण्याची. ‘या दुखण्यात माणसे पडतात, त्याला जपा,’ असे ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या सतरंज्या गेल्या, न्हाणीघरात कठडे बसले, आणि तिची सकाळची फिरती बंद झाली. पडणे दूरच राहिले; पडण्याच्या भीतीनेच तिला घरात बसवले.

याच डॉक्टरांनी 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाची हकीगत सांगितली होती. कंपवाताच्या 195 रोग्यांचे तीन गट करून एकाला ताई ची, दुसऱ्याला वजने घेऊन व्यायाम आणि तिसऱ्याला नुसते अंग ताणण्याचे प्रकार चोवीस आठवडे शिकवले. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट सरस ठरला. आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा तो पडलाही कमी. रोग बरा झाला असे कुणीही म्हटले नाही. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ही तर चांगली काठी होती. चिरंजीवांच्या कचेरीतल्या एका चिनी सहकाऱ्याने चेनजियागौतल्या एका वृद्ध शिक्षकांशी बोलून दहा दिवसांची शिकवणी ठरवून दिली.

शांघायहून झेंगझौपर्यंत वेगवान गाडीने चार-साडेचार तास लागले. तिथून मोटारीने पीत नदी ओलांडायची. ही नदी पाहून गंगा आठवते, पण रंग मात्र थेट पहिल्या पावसातल्या कृष्णेचा. पात्र अफाट, पाणी थोडे आणि गाळ उदंड. पलीकडे नजर पोचेल तिथवर हिरवा गहू. या सपाट मैदानात घळ ती कसली असणार, असे वाटत असतानाच पिवळ्या मातीत पावसाने कोरलेली ओहोळासारखी खोल चीर दिसली. तीच ती घळ.

हनान म्हटले की मराठी माणसाला एक जुने नाते आठवायला हरकत नाही. इ. स. 641 च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांच्या ताठ कण्याबद्दल लिहून ठेवणारा ह्युएनत्संग याच प्रांतातला. त्याचे घराण्याचे नावही चेनच होते. आता चीनमध्ये चेन म्हणजे आपल्याकडच्या जोश्यांसारखे; तेवढ्यावरून सोयरीक जुळवू नये. तरी बरे वाटते, एवढे खरे.

गावात शिरल्याबरोबर ध्यानात येते की इथला मुख्य उद्योग एकच. शेतकी आहेच. वेन तालुक्याचा लोखंडी कांबीसारखा सडसडीत कंद चीनभर नावाजलेला आहे. आपल्या कोनफळाच्या जातीचा, नुसता वाफवून खातात. आमच्या शाकाहारी कुटुंबाचे दहा दिवस त्याच्यावर आणि वाफाळत्या पावावर मजेत गेले. पण जिकडे पाहावे तिकडे आखाडे, आणि आखाड्यांतून शाळकरी पोरे. या गावचे पाणी पोटात गेले की लाथ झाडायला येतेच, अशा अर्थाची तिकडे म्हण आहे.

चेन घराणे चौदाव्या शतकात शेजारच्या शान्शी प्रांतातून इथे येऊन वसले. त्यांच्या नवव्या पिढीत, सतराव्या शतकात, चेन वांगतिंग नावाचा लष्करी पुरुष झाला. मिंग राजवट कोसळल्यावर तो शेतीवर परतला, आणि जुन्या मुष्टियुद्धाचे डाव, श्वासाची साधना आणि वैद्यकातले विचार यांची सांगड घालून त्याने ही विद्या उभी केली, असे मानतात. पुढे दीडशे वर्षे ती घराबाहेर फारशी गेली नाही. तिची वेस ओलांडली ती यांग लूचान (1799–1872) या परक्या माणसाने. चेन चांगशिंग या गुरूच्या घरी तो गड्याचे काम करी आणि रात्री भिंतीच्या फटीतून तालीम पाही, अशी आख्यायिका आहे. एक दिवस चोरी उघडकीस आली, आणि गुरूने शिक्षा देण्याऐवजी त्याला शिष्य केले. एकलव्याच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा शेवट फार गोड लागतो. यांग पुढे पेकिंगला गेला, राजवाड्यातल्या लोकांचा गुरू झाला, ‘अजिंक्य’ म्हणून गाजला. त्याच्या तळहातावरची चिमणी उडू शकत नसे म्हणतात. कारण उडण्यासाठी पाखरू पायाने रेटा देणार, तोच हात खाली जाई, आणि बिचारीला रेटायला काही मिळतच नसे!

आमचे शिक्षक सत्तरीच्या पलीकडचे. त्यांना सगळे ‘लाओशी’ म्हणजे गुरुजी म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. मध्यम उंची, साधा सुती अंगरखा, आणि चालणे असे की पायाखालचे वाळके पान वाजू नये. दुभाष्याचे काम त्यांच्याच शाळेतली एक मुलगी इंग्रजीतून करी. पहिल्या दिवशी गुरुजींनी सौभाग्यवतींना ‘ताजिए’ अशी हाक मारली. अर्थ विचारला, तर ‘थोरली ताई’! तेव्हापासून ही विद्या कोणत्या ताईची, हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला.

‘हिला बरे वाटेल का?’ असे मी विचारले. गुरुजींनी मान हलवली. ‘दुखणे डॉक्टर पाहतील. मी फक्त उभे राहायला शिकवीन.’

आणि खरोखरच दोन दिवस त्यांनी नुसते उभे राहायला शिकवले. गुडघे किंचित वाकलेले, खांदे खाली सोडलेले, कोपरे जड, आणि डोके असे की टाळूला दोरा बांधून कुणी वरून अलगद धरले आहे. सारखा एकच शब्द ते उच्चारीत, ‘सुंग’. दुभाषी मुलीने त्याचे भाषांतर ‘सैल’ असे केले. ते गुरुजींना पसंत पडले नाही. त्यांनी दोरीवर वाळत घातलेला ओला सदरा दाखवला. सदरा लोंबतो, पण पडत नाही. कारण वर दोरी आहे. अंग सोडायचे, पण कणा सोडायचा नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊल उचलले. इथे या विद्येचे मर्म आहे, म्हणून वाचकांनी, विशेषतः साठी उलटलेल्यांनी, थोडे लक्ष द्यावे. आपण चालतो म्हणजे काय करतो? पुढे झोकून देतो, आणि पडता पडता पुढचा पाय टेकवतो. तरुणपणी हे खपते. गुरुजींच्या चालण्यात झोकणे नाही. सगळा भार एका पायावर घ्यायचा; तो ‘भरला’ पाय. दुसरा ‘रिता’. रिता पाय मांजरासारखा पुढे ठेवायचा, टाच टेकवायची, जमीन चाचपायची. आणि जमीन विश्वासाची आहे असे पटले, म्हणजेच भार ओतायचा. एका घागरीतून दुसऱ्या घागरीत पाणी ओतावे तसा, हिसका न देता. टेकवलेला पाय केव्हाही परत घेता आला पाहिजे. घेता येत नसेल, तर तो रिता नव्हताच!

डावांची नावे मोठी रसाळ. पांढऱ्या बगळ्याने पंख पसरले, रानघोड्याची आयाळ विंचरली, अशी. पण चेनांच्या मांडणीतल्या पहिल्याच मोठ्या डावाने मला चकित केले. त्याचा अर्थ, ‘वज्रधर उखळात कांडतो’. उजवी मूठ वरून येऊन डाव्या तळहातात पडते, अगदी मुसळ उखळात पडावे तशी. बौद्ध धर्माबरोबर हिंदुस्थानातून गेलेला वज्रधर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दाराशी उभा आहे तो त्याच कुळातला. तो हनानच्या शेतकऱ्यांच्या उखळापाशी येऊन पोहे कांडीत होता, असे म्हणायला मन धजावते. सौभाग्यवतींना हा डाव चटकन साधला. ‘आईबरोबर कांडण केलेय मी,’ ती म्हणाली. ‘मुसळ आपटायचं नसतं, सोडायचं असतं.’ हे भाषांतर होताच गुरुजींनी टाळी वाजवली.

हात फिरवायचे ते कोशातून रेशमाचा धागा काढल्यासारखे. ओढ वाढली तर धागा तुटतो, थांबली तर गुंततो. थरथरणाऱ्या हाताला हे कसे जमावे? गुरुजी म्हणाले, ‘हाताकडे पाहू नका. हात कमरेच्या मागे येतो. कंबर फिरवा.’ कंबर फिरली आणि हात मागोमाग गेला. थरथर होती, पण तिच्यासकट हात गेला.

माझ्या वाट्याला जोडीने करायचा हात ढकलण्याचा प्रकार आला. मनगटाला मनगट लावायचे आणि समोरच्याचे बळ ‘ऐकायचे’. ऐकणे हाच तिकडचा शब्द आहे. मी जोर लावला की गुरुजी तिथे नसत. मी मागे सरलो की ते माझ्याबरोबर येत. दर वेळी मीच माझ्या जोराने पुढे कोलमडत असे, आणि ते मला सावरून धरीत.

सातव्या दिवशी आम्ही चेनांच्या कुलमंदिरात गेलो. चिनी देवळांचे उंबरठे चांगले गुडघ्याएवढे असतात, आणि त्यांच्यावर पाय द्यायचा नसतो, ओलांडायचे असते. सौभाग्यवती दाराशी थबकली. मी हात पुढे केला. गुरुजी हळूच म्हणाले, ‘हात द्या, पण ओढू नका. भिंतीसारखे उभे राहा.’ मी भिंत झालो. तिने डावा पाय भरला. उजवा उचलला, पलीकडे नेला, टाच टेकवली. क्षणभर तशीच थांबली. आत कुठेतरी घागर कलंडली, आणि ती पलीकडे होती. माझ्या हाताला तिची बोटे नुसती लागून गेली, एवढेच. बाहेर येऊन मी डोळे पुसले, त्याला धुळीचे निमित्त होतेच.

त्या देवळाच्या अंगणात गुरुजींनी आपल्या गुरुपरंपरेची गोष्ट सांगितली. लढाया, दुष्काळ आणि स्थलांतरे यांनी गावात ही विद्या जवळजवळ बुडाली होती. चेन झाओपी हे नामवंत शिक्षक गावाबाहेर नोकरीत होते. 1958 साली, पासष्टाव्या वर्षी, ते परत आले आणि गावच्या पोरांना शिकवू लागले. पुढे 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीची वावटळ उठली; जुन्या विद्या हा गुन्हा ठरला, आणि म्हाताऱ्याचा जाहीर छळ झाला. तरी विद्या टिकली. 1972 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेली तरुण पिढी उभी होती. तिनेच पुढे ही कला देशोदेशी नेली. 2020 साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात जागा दिली. आपला योग तिथे 2016 पासून होताच.

निघताना मी गुरुजींना विचारले, ‘दहा दिवसांत काय शिकलो म्हणायचे?’ ते म्हणाले, ‘ताजिएंना उभे राहता येते. आता रोज उभ्या राहा म्हणावे.’

ती रोज उभी राहते. गच्चीवर, सूर्य उगवायच्या आत. दुखणे गेलेले नाही. औषधाची मात्रा वाढली, अक्षर बारीक झाले, आणि दोनदा ती पडलीही. पण बाहेर जाणे पुन्हा सुरू झाले, ते आजतागायत चालू आहे. यंदाही दिवाळीच्या पहाटे दारात रांगोळी तीच घालणार आहे. ठिपके थोडे हललेले असतील. येणाऱ्यांनी ते मोजत बसू नये.