आवरलेला हात

मकरसंक्रांतीच्या आगेमागे कर्वेनगरच्या गच्च्यांवरून पतंग चढू लागले, म्हणजे राजाराम पुलावरून किंवा वारज्याकडच्या उड्डाणपुलावरून येणारा एखादा दुचाकीस्वार गळ्याशी रुमाल दाबून आमच्या इस्पितळाच्या दारात उभा राहील, ही धास्ती माझ्या मनातून हटत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैत नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तो हुकूम जारी असतानाच, पुढच्या वर्षी, पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथे दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रिया मांजाने गळा चिरून प्राणास मुकल्या. सुती दोरा ताण पडताच तुटतो; काचेची पूड चढवलेला नायलॉनचा दोरा तुटत नाही, आणि मग वाहनाचा सारा वेग मानेवरच्या एका रेषेत एकवटतो.

मांजाची जखम पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणते, परंतु ती आडवी, उघडी आणि बहुधा मानेच्या मधल्या भागात असल्यामुळे तिचा तळ तरी दिसतो. मला अधिक भय वाटते ते काचेच्या तुकड्याने किंवा सुरीच्या टोकाने पडलेल्या, नखाएवढ्या, जवळजवळ न वाहणाऱ्या छिद्राचे. कातडीखाली प्लॅटिज्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू पसरलेला असतो. ती सरहद्द शाबूत असेल तर जखम धुऊन, टाके घालून रुग्णास घरी धाडता येते. ती ओलांडली गेली असेल तर, रुग्ण हसून बोलत असला तरी, मेंदूकडे जाणारी धमनी, गळ्याची मोठी शीर, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मज्जारज्जू, अशी त्या चिंचोळ्या मुलुखात दाटीने वसलेली सारीच मंडळी संशयास पात्र होतात. अशा वेळी आत सळई घालून खोली मापण्याचा मोह नवख्या हाताला अनावर होतो. पण ज्या गुठळीने धमनीचे भोक बुजवून रक्त थोपवले असेल, तीच त्या चाचपणीने निसटते.

सुश्रुताने शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली, त्यांपैकी ३७ मान आणि मस्तक यांतील. कानशिलांच्या वरची दोन उत्क्षेप मर्मे आणि भुवयांमधले स्थपनी, ही तीन त्याने विशल्यघ्न म्हणून वेगळी काढली: रुतलेले शल्य जागी आहे तोवर मनुष्य जगतो, उपटले की मरतो, आणि पिकून आपोआप गळून पडले तर वाचतो. त्याची उपपत्ती वायूची, आमची रक्ताची. तरीही त्या निरीक्षणापुढे मी नतमस्तक होतो. मानेत वा कवटीत रुतलेली वस्तू रस्त्यावर कोणी काढू नये. भोवती कापडाच्या घड्या लावून ती हलू न देता तशीच आणावी, कारण ती जिथे काढायची तिथे रक्ताची तजवीज आणि उघडलेली धमनी चिमट्यात धरणारा हात आधी सिद्ध असावा लागतो.

श्वास कोंडत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, सूज क्षणोक्षणी फुगत असेल किंवा रक्त उसळत असेल, तर तपासण्यांत वेळ न दवडता शस्त्रक्रियागृह गाठावे. हात आवरण्याचा नियम तिथे लागू नाही. हंसळीच्या मागून रक्त येत असेल, जिथे दाबायला बोट पोचत नाही, तिथे मूत्राशयासाठी असलेली फोलीची नळी जखमेत सरकवून तिचा फुगा फुगवावा लागतो. इतरांचे सीटी अँजिओग्राफीने भागते. विसाव्या शतकाच्या मध्यास स्नायू ओलांडणारी प्रत्येक जखम उघडून पाहण्याचा दस्तूर होता, आणि कित्येक माना आत काहीही न सापडता पुन्हा शिवल्या जात. चित्राने न उमगणारी एकच गोष्ट मला जागवते, ती अन्ननलिका: तिचे छिद्र पहिले काही तास मूक राहते, लाळ छातीत झिरपते, आणि ताप चढेपर्यंत उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते. म्हणून गिळताना किंचितही दुखते म्हणणाऱ्यास मी दुर्बिणीने तपासल्यावाचून सोडत नाही.

यानंतरचे काम कागदाचे. जबाब आणि पंचनामा पोलिसांचा असला, तरी जखमेची लांबी, जागा आणि स्नायू ओलांडला की नाही, हा तपशील दाखल्यात आम्हीच लिहावयाचा असतो. आणि मांजाचा तुकडा जखमेत सापडला तर तो मोहोरबंद करून मुद्देमाल म्हणून हवाली करण्याविषयी मी आग्रही असतो, कारण तपास दोरा विकणाऱ्या दुकानापर्यंत पोचायचा असेल, तर त्या तुकड्याइतका भक्कम पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.