पालखीला माती लागते

शिमग्यात चिपळूणच्या गोवळकोट-पेठमाप भागात देवी करंजेश्वरीची पालखी शेरणे काढते. नवस केलेल्यांनी मैदानात मातीखाली शेरणे, म्हणजे नारळ, पुरलेले असतात. ढोलाच्या ठेक्यावर खांद्यावरची पालखी मागंपुढं होते, गर्दीतून फिरते आणि एका जागी अडून झुकते. तिथली माती उकरली की नारळ हाती येतो. मी नगररचनेचं काम करतो, त्यामुळे हा सोहळा पाहताना माझं लक्ष पायांखालच्या जमिनीकडे जातं. या मैदानात उद्या कुणी पेव्हर ब्लॉक बसवले, तर शेरणे पुरणार कुठं? होळी उभी करायलाही खड्डा लागतो, तोही दरवर्षी ठरल्या जागी. कोकणातल्या गावांनी काही जमीन पिढ्यान्‌पिढ्या न बांधता, न झाकता राखली, ती अशाच कारणांनी.

चिपळूणला अशी जमीन किती मोलाची आहे, ते वाशिष्ठीकडे पाहिलं की कळतं. सह्याद्रीवरून उतरलेली ही नदी थोड्याच अंतरात सपाटीला लागते आणि शहरापाशी तिला दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती भेटते. वरून लोंढा, खालून भरती आणि मधे गाळानं उथळ झालेलं पात्र. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणीही कोळकेवाडीमार्गे इथंच येतं. जुलै २००५ मध्ये शहर बुडालं. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेचे तळमजले पाण्याखाली गेले आणि १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं भिजली. त्यानंतर चिपळूणकरांनी बचाव समिती उभी केली, साखळी उपोषण केलं आणि नदीतला गाळ काढायला लावला. या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पात्र खोल झालं तरी काठ ओलांडून आलेलं पाणी पसरणार कुठं, हा प्रश्न उरतोच.

पालखी बसते ती सहाण, होळीचं मैदान, देवळापुढचं पटांगण या जागांचं काही बिघडवायला पाण्याला फारसा वाव नसतो. फाल्गुनात तिथं पालखी नाचते, आषाढात पाणी साचतं, आणि दोघांची वेळ कधी एक येत नाही. एवढ्याशा मैदानानं २०२१ सारखा पूर टळेल, असं मी म्हणणार नाही. मात्र एरवीच्या जोरदार सरीत गल्लीतलं पाणी तिथं उतरतं, थोडं जिरतं. आणि मोठा पूर ओसरला की घराघरांतून उपसलेला चिखल, भिजलेल्या गाद्या, मदतीचे ट्रक या सगळ्यांना हीच मोकळी जागा लागते.

पालखीच्या वाटेकडे तर आम्ही नगररचनाकारांनी फारच दुर्लक्ष केलं आहे. पालखी घरोघरी जाते. भोयांना दोन्ही बाजूंनी खांदा देऊन वळता यावं एवढी रुंदी तिला हवी असते. तेवढ्या वाटेनं पुरात बचावाची होडीही शिरू शकते. एखाद्यानं कुंपण पुढं सरकवलं की त्याची बोंब आधी शिमग्यात होते, कारण पालखी अडते. शिवाय कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, कुणाचा मुलगा मुंबईला असतो, कुणाला उचलूनच बाहेर काढावं लागेल, हे मानकऱ्यांना पाऊस सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी ताजं ताजं माहीत असतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या फायलीत ही माहिती क्वचित असते.

आराखड्यात पूररेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्यांवरून चिपळुणात बराच वाद झाला, आणि घर-दुकान त्या रेषेत अडकलेल्यांची काळजी खरी आहे. माझं मागणं साधं आहे. निळ्या रेषेच्या आतल्या सहाणी, होळीची मैदानं आणि पालखीच्या वाटा त्याच नकाशावर नावानिशी दाखवा, आणि तिथं फरसबंदी करायची नाही, सभामंडप वाढवायचा नाही, भराव टाकायचा नाही, अशी अट लिहा. देवस्थानांनाही हे सांगावं लागेल, कारण सुशोभीकरणाचा निधी आला की पहिला बळी मातीचा जातो. हरकती-सूचनांसाठी लोकांना कचेरीत बोलावण्यापेक्षा शिमग्याच्या बैठकीतच नकाशा पसरावा. पाणी कुठल्या गल्लीतून आधी शिरतं, ते मानकरी आणि खाडीत होडी घालणारी माणसं बोट ठेवून दाखवतील.