रेडिओतली भोकरवाडी

मुलांनो, नाना चेंगट आणि बाबू पैलवान यांना ओळखता का? नाही? मग आज ओळख करून देते. हे दोघं भोकरवाडीचे. त्यांच्या सोबतीला गणामास्तर आणि इतर मंडळीही आहेत. पण नकाशात भोकरवाडी शोधू नका हं! हे गाव द. मा. मिरासदारांनी आपल्या विनोदी गोष्टींमध्ये वसवलं.

मला भोकरवाडी भेटली ती रेडिओवर. तेव्हा मी चौथी-पाचवीत होते. संध्याकाळी गावातली वीज गेली, की टीव्ही मुका व्हायचा. पण आजोबांचा रेडिओ सेलवर चालायचा. सेल उतरले की आजोबा ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन दिवस ढकलता यायचे. कधी आकाशवाणीवर मिरासदारांचं कथाकथन असलं, की ते ओरडायचे, "गप बसा रं पोरांनो, दमा लागलाय!" पहिल्या वेळी आजी घाबरून गरम पाणी घेऊन आली. तिला वाटलं, आजोबांनाच दमा लागला!

मग ओसरीवरच्या अंधारात आम्ही पाच-सहा पोरं कान टवकारून बसायचो. एक माणूस आणि त्याचा आवाज, बस्स. सांगण्यात घाई नाही, स्वतः हसणं नाही. मधेच ते जरा थांबायचे आणि आम्ही खो खो हसायचो. माणसं दिसत नव्हती, म्हणून प्रत्येकाचा बाबू पैलवान वेगळा. माझा तर अगदी आमच्या गिरणीवाल्या काकांसारखा होता.

आणि गंमत म्हणजे ही माणसं आमच्यासारखंच बोलायची! शाळेत ज्या बोलण्याला 'गावंढळ' म्हणत, तेच रेडिओतून ऐटीत येत होतं. हसू यायचं ते माणसांच्या फजितीचं, त्यांच्या बोलीचं नव्हे. हा फरक मला मोठेपणी नीट कळला.

मिरासदारांचा जन्म १४ एप्रिल १९२७ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा. पुण्यात त्यांनी आधी शाळेत आणि मग कॉलेजात मराठी शिकवलं. म्हणजे तेही मास्तरच बरं का! शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या दोन मित्रांबरोबर ते गावोगाव कथाकथन करत. १९९८ साली परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हसवणाऱ्या लेखकाला केवढा मोठा मान!

२ ऑक्टोबर २०२१ ला ते गेले. तेव्हा करोनामुळे आमच्या शाळेचे पहिली ते चौथीचे वर्ग बंदच होते. मी त्यांची एक गोष्ट मोठ्यानं वाचली आणि तो आवाज पालकांच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, 'आता तुमच्या घरातली एक गंमत सांगा. जशी घरी बोलता तशीच.'

माझ्या वर्गात वस्तीवरून येणारा एक मुलगा होता. 'आनी', 'पानी' म्हटलं की बाकीची मुलं हसायची, म्हणून त्यानं वर्गात बोलणंच सोडलं होतं. मी मुलांना दटावलं, त्याला समजावलं, उपयोग शून्य. त्या रात्री पहिला निरोप त्याचाच आला. "बाई, आमच्या शेळीनं काय केलं म्हाईत हाय का?" असं म्हणून तो चक्क चार मिनिटं बोलला! आजीची चंची शेळीनं कशी खाल्ली, मग आजी शेळीमागं, शेळी घरामागं आणि कुत्रं सगळ्यांमागं! मध्ये तो नेमका थांबायचा. हे थांबणं त्याला कोणी शिकवलं होतं? दुसऱ्या दिवशी सात घरांतून विचारणा आली, "शेळीचं पुढं काय झालं?"

डिसेंबरात शाळा भरली तेव्हा मुलांनी त्यालाच गराडा घातला. 'आनी'ला कुणी हसलं नाही. सगळ्यांना शेळी ऐकायची होती. लिहिताना 'आणि' कसं लिहायचं, तेही तो पुढं शिकला. पण आधी त्याला बोलता यायला हवं होतं ना?

दोस्तांनो, मिरासदारांचं एखादं पुस्तक वाचनालयातून जरूर आणा. त्यातली गोष्ट मनात वाचू नका, घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचा. जमलं तर दिवा मालवून सांगा. मग तुमच्या गावातली, गल्लीतली एखादी गंमत तुमच्याच बोलीत जोडा. अट एकच : सांगणाऱ्यानं आधी हसायचं नाही!