भिंतीवरचे चित्रकार

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन वर्षानुवर्षं एकच, वडसा. भामरागडच्या पोराला आगगाडी बघायची तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. पण त्याच्या शाळेच्या भिंतीवर आगगाडी हमखास असते. डब्याडब्यावर मुळाक्षरं, इंजिनातून धूर, मागे दोन डोंगर आणि मधून वर येणारा सूर्य.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि चित्रांची पुस्तकं घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांमधून फिरतो. या भिंती रंगवणाऱ्या पेंटरांशी ओळखी झाल्या त्या तिथंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकाम्या झाल्या की त्यांचा हंगाम सुरू होतो. कामाचं नाव 'बोलक्या भिंती', भाव चौरस फुटावर. ज्या गावात वाचनालय नाही, पुस्तकाचं दुकान नाही, तिथल्या मुलांच्या वाट्याला येणारं सगळ्यात मोठं सचित्र पुस्तक म्हणजे ही भिंत. म्हणून हे पेंटर माझ्या लेखी बालपुस्तकांचेच चित्रकार आहेत, माझ्याच व्यवसायातले.

चामोर्शीकडचा एक पेंटर बराच काळ झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. दिवाळीनंतर वडशाची नाटकमंडळं बाहेर पडतात, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि त्यांना राजवाडा, वाडा, झोपडी, जंगल असे पडदे लागतात. त्याच्या जंगलाच्या पडद्यावर सागाची पानं सागासारखी मोठी आणि खरबरीत दिसायची, पळस फुललेला असायचा, पाण्याकाठी बांबूचं बेट असायचं. बाकीच्या दिवसांत दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. "फ्लेक्स आला अन् पाट्या गेल्या जी, आता शाळाच आहेत," असं तो सांगतो. पण शाळेत त्याच्या हातात मोबाइलवरचा नमुना ठेवला जातो. त्यात सफरचंद, पेंग्विन आणि टीव्हीवरचं एखादं कार्टून. तो ते हुबेहूब उतरवतो. पडद्यावर ज्या हातानं पळस फुलवला, त्याच हाताला इथं पळस काढायला कोणी सांगत नाही.

एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी पुस्तकं मांडून बसलो होतो. पाचवीतली एक मुलगी एका पानावर अडली. शहरातल्या चित्रकारानं काढलेलं जंगल होतं, तपकिरी खोडं आणि वर हिरवे गोळे. तिनं खोडावर बोट ठेवून विचारलं, "सर, हे कोणतं झाड होय?" येन नाही, मोह नाही, टेंभुर्णी नाही, असं तिचं तिनंच ठरवूनही टाकलं. मग तिला कागद दिला.

तिनं आधी कोळसा घेतला आणि कागदाचा खालचा भाग काळा केला. झाड नंतर आलं. खोड जाड, फांद्या जवळजवळ उघड्या. मोह फुलतो तेव्हा त्याची पानं झडलेली असतात, आणि पहाटे गळलेली फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडून जाळतात. त्या काळ्या जमिनीवर फिक्कट फुलं उठून दिसतात. या मुलीनं फुलं काढलीच नव्हती. कोळसा फासताना तिनं बारीक बारीक ठिपके कोरे सोडले होते, आणि तेच मोह झाले. पुस्तकातल्या मोहाला फुलं फांदीवर असतात. पहाटे टोपली घेऊन जाणाऱ्या घरात ती जमिनीवर असतात. एवढं जाणणारा चित्रकार आज तरी कोणत्या प्रकाशकाकडे आहे, मला दिसत नाही.

ती मुलगी चित्रकार होऊ शकते का? वाट ठरलेली आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा, मग एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका किंवा नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरचा रस्ताच बंद होतो. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत कलाशिक्षक नव्हता. पुढं काम मिळालंच तर ते चित्रामागे ठरावीक रकमेचं. पैसे एकदाच. पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघोत, लेखकाला मानधन मिळत राहतं, चित्रकाराला क्वचितच. म्हणून आमच्यातले बहुतेक जण जाहिराती, पाठ्यपुस्तकं, नाहीतर शाळेतली नोकरी यावर घर चालवतात आणि बालपुस्तकं उरलेल्या वेळात करतात.

तरी वेगळं घडलेलं आहे, आणि ते गोंड कलेतच घडलं आहे. दुर्गाबाई व्याम मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या. घराच्या भिंती-जमिनीवर काढायचं ढिगना त्या लहानपणी आजीकडून शिकल्या. भोपाळला आल्या, आणि चेन्नईच्या तारा बुक्सनं त्यांच्यासह भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्याकडून झाडांचं एक पुस्तक करून घेतलं, 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'. काळ्या कागदावर स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेल्या या पुस्तकाला २००८ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर नावं या तिघांचीच आहेत. पुढं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावर 'भीमायन' चितारलं. कॉमिकची पानं चौकटींत कोंडायची असतात, ते त्यांनी मानलं नाही. ढिगन्याच्या वळणांनीच पान विभागलं. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

ही परधान गोंडांची शैली. गडचिरोलीच्या माडियांची रेषा वेगळी, ती लाकडावर आणि बांबूवर जास्त दिसते. इथल्या मुलांना मंडल्याची नक्कल शिकवण्यात काही अर्थ नाही. घ्यायचं ते एवढंच की कोणीतरी प्रकाशक गावापर्यंत गेला, विश्वास टाकला, आणि नाव मुखपृष्ठावर छापलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं, पण मला ते इथं सारखं आठवतं. माधवी पुरंदरे यांनी 'राधाचं घर' लिहिलं आणि चितारलंही. त्यांच्या चित्रांतली घरं राहती आहेत, माणसं शेजारच्या घरातली वाटतात. मराठी शहरी मुलाला आपलं घर पुस्तकात जसंच्या तसं भेटलं ते तिथं. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण माडिया मुलीच्या घराची 'राधा' अजून कोणी काढलेली नाही. भाषेचं काम थोडं पुढं गेलं आहे. प्रथम बुक्सच्या गोष्टी गोंडीत आल्या, गडचिरोलीतल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. मात्र अनुवादित गोष्टींतली चित्रं आधीचीच राहतात, दुसऱ्या गावांची, दुसऱ्या झाडांची.

विषयांची वाण अजिबात नाही. शेकरू आहे, कोलामार्काच्या रानम्हशी आहेत, मेमधला तेंदूपत्ता आहे, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणारी अख्खी कुटुंबं आहेत. आणि डायनासोर! सिरोंचाजवळ पोचमपल्ली परिसरात सापडलेली बारापासॉरसची हाडं आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत. रवींद्रनाथांच्या नावावरून १९७५ मध्ये त्याला 'टागोराय' हे प्रजातीनाम मिळालं. हा लांब मानेचा शाकाहारी प्राणी गोदावरीच्या खोऱ्यात हिंडत होता. तरी सिरोंचातल्या शाळेच्या भिंतीवर मी पाहिला तो अमेरिकेतला टी-रेक्सच.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा भिंती रंगतील, निधी पुन्हा येईल. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझं सांगणं आहे. पेंटरच्या हातात मोबाइलवरचा नमुना देऊ नका, तुमच्या मुलांनी काढलेली चित्रं द्या. त्याला मोह काढू द्या, पर्लकोटा काढू द्या, आणि चित्राखाली त्याचं नाव त्या मुलाच्या नावाशेजारी लिहू द्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी निदान एक पुस्तक एटापल्लीत बसून करावं, आणि जो चितारेल त्याला लेखकाइतकंच मानधन द्यावं.