पाणचक्कीवरच्या संध्याकाळी

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीची इद्दत पूर्ण झाली, पण ती घराबाहेर पडायला तयार होईना. चार महिने दहा दिवस संपून आणखी दोन महिने उलटले, तरी तिचं जग म्हणजे जानमाज, पलंग आणि खिडकी. जेवण दोन घासांवर आलेलं. रात्री झोप नाही. मामू आले, शेजारच्या खाला आल्या, ‘सब्र करा’ म्हणून गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना रोज थोडा वेळ बाहेर न्या.”

न्यायचं कुठे? बाजार नको, नातेवाइकांकडे तर नकोच. शेवटी मी म्हटलं, “अम्मी, पाणचक्कीवर जाऊ या का? अब्बा आपल्याला न्यायचे तिथे.” तिने नाही म्हटलं नाही, एवढंच.

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती बांधली गेली. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटर जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून खाली हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. अब्बा कारखान्यात फिटर होते. आम्हा भावंडांना ते दरवेळी तेच सांगायचे, “ना मोटर, ना वीज. झरा उंचावर आहे, म्हणून पाणी आपोआप भिंतीवर चढतं.” आणि आम्ही त्यांचं ऐकायचं सोडून वडाच्या झाडाकडे पळायचो.

पहिल्या दिवशी अम्मी हौदाच्या काठावर वीस मिनिटं बसली आणि म्हणाली, “चल.” दुसऱ्या दिवशी असरची नमाज झाल्यावर तिने स्वतःच बुरखा घातला आणि दाराशी उभी राहिली. आम्ही बोलत नव्हतो. पाणी पडत होतं, हौदातले मासे वर येत होते, कुणाचं तरी मूल चुरमुरे टाकत होतं. अम्मी बघत राहायची. तिच्या हातातली तसबीह कधी थांबायची, कधी पुन्हा सुरू व्हायची.

आता आमच्या घरातलं पाणी कसं ते सांगायला हवं. आमच्या मोहल्ल्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. मग सगळं घर उठतं. पिंप, हंडे, बादल्या, घागरी. अम्मी एका लोट्यात वुजू करणारी बाई. भांडी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी मोरीला. पाणी म्हणजे हिशोब. पाणी म्हणजे धास्ती. ज्या रात्री अब्बा गेले, त्या रात्रीही नळ आला होता. गच्चीवरच्या टाकीकडे बादल्या नेताना ते जिन्यातच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

पाचव्या की सहाव्या संध्याकाळी अम्मी पाण्याकडे बघतच म्हणाली, “त्या रात्री त्यांना मीच उठवलं.”

मी गप्प राहिले.

“ते म्हणाले होते, आज थकलोय, राहू दे. मी म्हटलं, मग आठ दिवस काय करायचं?”

सहा महिने हे तिने एकटीने सांभाळलं होतं. अब्बांची रक्तवाहिनी बऱ्याच दिवसांपासून बंद होत आली होती, हे डॉक्टरांनी मला त्याच रात्री सांगितलं होतं. मी ते अम्मीला सांगितलंच नव्हतं, कारण तिच्या मनात काय सलतंय हे मला माहीतच नव्हतं. आता सांगितलं. आणि म्हटलं, “तू घरासाठीच उठवलंस, अम्मी. ते पाणी मीही वापरलं.” ती रडली. अब्बा गेल्यापासून इतकं मोकळं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. पाण्याच्या आवाजात ते शेजारी बसलेल्यांनाही ऐकू गेलं नसेल.

मी नंतर पुष्कळ विचार केला, हे तिथेच का घडलं? घरात आम्ही समोरासमोर बसायचो. ती माझा चेहरा वाचायची, मी तिचा. इथे दोघींची नजर पाण्यावर होती. पडणारं पाणी लक्ष वेधून घेतं, पण काही मागत नाही. थकलेल्या मनाला त्यामुळे उसंत मिळते, असं अमेरिकेतल्या कॅप्लन पती-पत्नींनी आपल्या मानसशास्त्राच्या अभ्यासात मांडलं आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून दाखवलं, की आठवड्यातून दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. मग तो वेळ एकदम असो की थोडा थोडा. निसर्गामुळे तब्येत सुधारते की तब्येत बरी असते म्हणून लोक बाहेर पडतात, हे अशा पाहणीतून पक्कं ठरत नाही. पण आमच्यापुरतं मला एक कळलं. ज्या पाण्याची अम्मीला धास्ती होती, तेच पाणी तिथे तिला मोजावं लागत नव्हतं, भरून ठेवावं लागत नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

गोळ्या आणखी काही महिने चालल्या. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण अम्मी जेवू लागली, झोपू लागली. उन्हाळ्यात धार बारीक झाली, तरी आम्ही गेलो.

आपल्याही घरात असं कुणी मिटून बसलं असेल, तर औषध चुकवू नका. आणि जवळ तळं, नदी, खाडी, दर्ग्याचा हौद, जे असेल तिथे त्यांना घेऊन जा. बोलतं करायची घाई करू नका. शेजारी बसा.

गेल्या जुम्याला रात्री दोन वाजता नळ आला. मी जागी झाले तेव्हा अम्मी आधीच उठलेली होती, पिंपात पाइप धरून. मला म्हणाली, “झोप बेटा, भरते मी. वर काही न्यायचं नाही. खाली मावेल तेवढंच पुरे.”