गाजर गवत

पुण्याहून हेब्बाळला राहायला आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, "बंगळूरची हवा छान." हवा छानच आहे. पण दुसऱ्या वर्षापासून पावसाळा सरता सरता शिंका सुरू झाल्या. नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. सर्दी म्हणावी तर आठवड्यात जायला हवी, ही महिनोन्महिने मुक्कामाला. शेवटी डॉक्टरांनी हातावर निरनिराळे थेंब टाकून सुईने हलकेच टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत एका थेंबाखाली गांध उठली. गाजर गवत!

मला हसूच आलं. भारतात हे गवत ठळकपणे नजरेत भरलं ते १९५५ साली, आमच्या पुण्यात. आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणतो, आणि इथेही ते 'काँग्रेस गिडा'च. त्याची पानं खाणारा मेक्सिकोतला भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी मोकळा सोडला. पावसाळ्यात तो झाडं बोडकी करतो, तरी रिकाम्या प्लॉटवर गवत आहेच. एकेक झाड हजारो बिया टाकतं.

उपाय सोपे निघाले. शरीर परागकणांना शत्रू समजून हिस्टामिन सोडतं. गोळी त्याचं काम अडवते, म्हणून शिंका आणि खाज थांबते. चोंदलेल्या नाकाला स्टिरॉइडचा फवारा जास्त उपयोगी, पण तो रोज घ्यायचा आणि मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारायचा. नाक धुवायला मिठाचं पाणी, उकळून गार केलेलं.

आमच्या सोसायटीमागचं गवत एक बाई उपटतात. त्यांच्या कोपरांची आणि मानेची कातडी काळवंडून जाड झाली आहे. गवत तेच, ॲलर्जी वेगळी. त्यातलं पार्थेनिन कातडीला लागलं की दाह लगेच नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. माझ्या गोळीने तो बरा होत नाही. मलम लागतं, आणि मुख्य म्हणजे गवतापासून लांब राहावं लागतं. पण गवत उपटणं हीच त्यांची रोजी. फुलं येण्याआधी त्यांनी ते उपटलं, की माझ्या खिडकीत पराग कमी येतात.

सोसायटीच्या सभेत मी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, त्वचेच्या डॉक्टरांची फी आणि त्यांना पगार न कापता दुसरं काम, असं चारही मागितलं. हातमोजे मंजूर झाले. बाकीचं पुढच्या सभेत.